चिमूटभर डिझेल

मुंबईत नळाने घरोघरी येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. शेगडीची कळ फिरवली, तरी ठिणगी पडेपर्यंत तो नुसता फुसफुसत राहतो. हाच मिथेन उणे 162 अंशांना द्रवरूप होऊन जहाजांनी दाभोळला येतो. तो वाहणारी आजची बरीच जहाजं टाकीत आपसूक उकळून निघणारा गॅसच इंजिनात जाळतात.

तो पेटतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपण होऊन पेट घेतं. मिथेनचं तसं नाही, त्याला पाचशे अंशांहूनही बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून कमी दाबाच्या दुहेरी इंधन इंजिनात गॅस आणि गरजेच्या जवळजवळ दुप्पट हवा आधीच एकत्र करतात. पिस्टन वर येतो, मिश्रण तापतं, पण पेटत नाही. नेमक्या त्या वेळी डिझेलचा बारीक फवारा आत सुटतो. तो पेटतो आणि त्याची ज्वाळा गॅसभर पसरते. पूर्ण भारावर एकूण उष्णतेत त्या डिझेलचा वाटा असतो साधारण 1 टक्का! ज्यांच्या घरी चूल होती, त्यांना हे सांगायला नको. ओंडका धरण्याआधी काटक्या धराव्या लागतात. 2020 साली सेवेत आलेलं ‘सीएमए सीजीएम जाक सादे’ हे तेवीस हजार कंटेनरचं जहाज गॅसवर चालतं, ते अशाच चिमूटभर डिझेलच्या जोरावर.

मात्र हे तंत्र नाजूक आहे. हवा कमी पडली, तर गॅस अवेळी भडकतो आणि इंजिन ठोकू लागतं. फार झाली, तर ज्वाळा वाटेतच विझते. शिवाय पिस्टनच्या कडेच्या फटींत, सिलिंडरच्या थंड भिंतीलगत थोडा गॅस दडून राहतो. ज्वाळा तिथवर पोचत नाही आणि तो न जळताच धुराड्यातून निसटतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक. सुमारे तीनशे बार दाबाने पेटत्या डिझेलमध्ये गॅस सोडणाऱ्या इंजिनांत ही गळती पुष्कळ कमी असते, म्हणून मला ती वाट अधिक भरवशाची वाटते.

गॅसवरच्या जहाजाला स्वच्छ म्हणण्याआधी त्याच्या धुराड्यातून काय निसटतं, ते मोजायलाच हवं. युरोपीय संघाने 2026 पासून जहाजांच्या उत्सर्जनावर पैसे आकारण्याच्या हिशेबात मिथेनही धरला आहे.