सात पिढ्यांची नावे

भांडण पेटले की आपण समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण स्वतःच्या सात पिढ्या सांगायची पाळी आली, तर पणजोबांपाशीच जीभ अडखळते. मध्य आशियातल्या किरगिझ मुलाची जीभ अशी अडखळू नये, अशी त्या लोकांची जुनी अपेक्षा आहे. तिएन शानच्या डोंगरांत मेंढरे-घोडे घेऊन फिरणाऱ्या या लोकांत वंशावळ तोंडी चालत आली. तिला ते 'सान्जिरा' म्हणतात, आणि बापापासून वरच्या सात पुरुषांना 'जेती अता', म्हणजे सात बाप. ज्याला आपले सात बाप ठाऊक नाहीत तो गुलाम, अशी त्यांच्यात म्हणच आहे.

या पाठांतरात निव्वळ कुळाचा तोरा नाही. सात पिढ्यांच्या आत मूळपुरुष एकच निघाला, तर त्या मुलामुलींचे लग्न करायचे नाही, अशी जुनी रीत. शिवाय दोन अनोळखी माणसे नावे जुळवू लागली की कुठेतरी एक आजा समान निघतो, आणि परका माणूस भाऊबंद होतो. ज्यांचा गाव एका जागी नव्हता, त्यांचा पत्ता या नावांतच होता.

तरी मी पडलो शाळामास्तर. हिशेब केल्यावाचून राहवत नाही. आईबाप दोन, आजे-आज्या चार, असे दुपटीने सातव्या पायरीपर्यंत चढले तर एकूण २५४ माणसे होतात. त्यांतली सात लक्षात ठेवायची. मग उरलेल्या २४७ जणांचे काय? त्यांत आपली जन्मदाती आईही आली!

भाषा मात्र वंशावळीपेक्षा उदार आहे. आईकडच्या नात्यांना किरगिझ लोक 'ताय' शब्द जोडतात: ताय-अता म्हणजे आईचे वडील, ताय-एने आईची आई, ताय-अके मामा. आजोळ बोलण्यात आहे, यादीत नाही.

लेखिका आल्तिन कापालोवा यांनी आपल्या मुलांना वडिलांच्या नावाऐवजी स्वतःचे नाव लावले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०२३ च्या जूनमध्ये किरगिझस्तानच्या घटना न्यायालयाने सज्ञान माणसाला आईचे नाव लावण्याची मुभा दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती काढून घेतली. परंपरेला बाधा येते, असा विरोधकांचा आक्षेप होता.

ही भीती मला समजते, पण पटत नाही. पूर्वजांचे स्मरण ही कृतज्ञता असेल, तर ती निम्म्या घरापुरती कशी पुरेल? आठवे नाव शिकल्याने आधीची सात पुसली जात नाहीत.