खोपोलीचे पाणी आणि सत्कार्यवाद

1915 साली लोणावळ्याच्या तलावांतील पाणी नळांवाटे घाटाखाली खोपोलीस उतरवून, त्याच्या वेगाने चक्रे फिरवून, मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास आरंभ झाला, तेव्हा आपल्या दर्शनकारांस, कार्य कारणात आधीच असते की मागाहून उत्पन्न होते, हा जुना वाद नव्याने उकरून काढण्यास उत्तम निमित्त मिळाले असते. ती वीज पाण्यात अव्यक्त रूपाने आधीच वसत होती, असे सत्कार्यवादी सांख्य म्हणेल. ती पूर्वी नव्हतीच, सामग्री जुळताच उत्पन्न झाली, असे नैयायिक बजावील. मँचेस्टरच्या जूलने 1840 च्या दशकात वजने खाली सोडून, त्यांच्या ओढीने पाणी घुसळून, श्रमातून उष्णता किती निपजते याचा जमाखर्च चोख मांडला. त्यावरून सांख्याची सरशी झाली, असे कोणी घाईने म्हणेलही. परंतु ताळा जुळतो तो केवळ परिमाणाचा. दिव्याचा प्रकाश प्रकाशरूपाने पाण्याच्या कोणत्या थेंबात दडला होता, याची नोंद त्या दप्तरात नाही. शिवाय प्रत्येक रूपांतरात काही अंश उष्णता होऊन विखुरतो आणि तो पुरता वसूल होत नाही. (सांख्यांच्या प्रलयात मात्र सर्व विकार मूळ प्रकृतीत निमूटपणे परततात!) म्हणून या प्रकरणी माझा कौल, काहीशा नाइलाजाने, त्या रुक्ष नैयायिकाकडे झुकतो.