पांढऱ्या पायाची

आपल्या शेतकऱ्यांच्या बोलींत गांवच्या जमिनीचे दोन भाग आहेत, काळी आणि पांढरी. जी पिकते ती काळी, व जिच्यावर आपण घरें बांधून राहतों ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती सांचून वस्तीची भूमि फिकट होते, म्हणून हें नांव. पुणें जिल्ह्यांत इनामगांव येथें १९६८ सालापासून जें उत्खनन झालें तें अशाच जुन्या वस्तीचें होतें. तेथें तीन हजार वर्षांहून जुनीं घरें व चुली सांपडल्या. तेव्हां पांढरी हा शब्द आमच्या ठायीं प्रथम वस्तीचा व शेजाराचा आहे.

शास्त्रांत तोच शब्द आला म्हणजे थोडें थांबावें लागतें. लाल झालेलीं पातकें बर्फासारखीं व लोंकरीसारखीं पांढरीं होण्याची गोष्ट यशया सांगतो. आमच्या देशावर बर्फ पडत नाहीं, आणि धनगराची मेंढी बहुधा काळी. तिच्याच लोंकरीची घोंगडी आपण पावसांत पांघरतों. तेथें उपदेशकानें पिंजलेला कापूस हातांत धरून दाखवावा, हें बरें. याकोबाच्या विहिरीजवळ प्रभूनें शिष्यांस कापणीसाठीं पांढरीं झालेलीं शेतें दाखविलीं, तें मात्र मंगळवेढ्याकडील मनुष्यास समजावून सांगावें लागत नाहीं. शाळू पिकून उभा राहिला कीं काळीच पांढरी दिसूं लागते.

आतां ज्या अर्थासाठीं आम्हीं लेखणी उचलली त्याकडे वळतों. नवी सून घरांत आल्यावर बैल दगावला, विहीर आटली, किंवा तिचा नवरा तापानें गेला, तर ती पांढऱ्या पायाची ठरते. पांढऱ्या कपाळाची हें विधवेस लाविलेलें दुसरें नांव. बाबा पदमनजी यांनीं १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचें दुःख लोकांपुढें मांडिलें. त्यास दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तरी हे शब्द केवळ इतरांच्या आळींत बोलले जातात असें कोणीं समजूं नये. मूर्ति सोडली, नवस सोडला, गळ्यांतला ताईत तोडला, पण ही शिवी आमच्या घरांत राहून गेली. प्रार्थनेस बसणाऱ्या सासूच्या तोंडींही ती येते, आणि मंडळींत कोणी तिला पाप म्हणून मोजीत नाहीं. बैल फऱ्या रोगानें मेला. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोंचून घ्यावयाची ती घरधन्यानें घेतली नाहीं. मुलीच्या तळपायाशीं त्याचा काय संबंध?

उपदेशकबंधूंनो, लग्न लावून तुम्ही घरीं परततां. सहा महिन्यांनीं त्या मुलीची विचारपूस कोण करतो? त्या घरीं मृत्यु झाला तर प्रेत पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशीं पुन्हा जावें, बायबलबाईस बरोबर न्यावें, आणि तिनें सासूशीं बोलण्यापूर्वी सुनेजवळ बसावें.

जें पांढरें तें शुद्ध, असाही नियम शास्त्रांत नाहीं. ढोंग्यांस प्रभूनें चुना लाविलेल्या कबरींची उपमा दिली. मोशेनें कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम व अहरोन त्याच्याविरुद्ध बोललीं. कूश हा काळ्या वर्णाच्या लोकांचा देश. मेघ मंडपावरून निघून गेला, तों मिर्यामेचेंच अंग कोडानें हिमासारखें पांढरें झालेलें दिसलें. (आज ज्यास आपण पांढरें कोड म्हणतों त्याच्याशीं याचा संबंध लावूं नये, तें स्पर्शानें लागत नाहीं, व तो कोणाचा दोषही नव्हे.) अहरोनानें गयावया केली, मोशेनें तिच्यासाठीं प्रार्थना केली, तरी सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवावें लागलें. परक्या मुलखांतून घरांत आलेल्या एका स्त्रीविषयीं ते शब्द निघाले होते, आणि मिर्याम परत येईपर्यंत सारें इस्राएल जागचें हाललें नाहीं.