पाय आपलेच आहेत

पाठ टेकून बसा. अंथरुणावर असाल तर तसेच पडून राहा. डोळे मिटा. मान, खांदे, छाती, पोट असं लक्ष सावकाश खाली येऊ द्या. पाठीच्या दुखापतीमुळं जिथून पुढं काही कळेनासं होतं, तिथं थांबा.

त्या जागेखाली शरीर संपलेलं नाही. विहिरीला पाणी आहे, खाली रान आहे, मधली पाइपलाइन तेवढी फुटली आहे. दहिवडी-म्हसवडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मात्र पाइप सांधता येतो, मज्जारज्जू अजून सांधता येत नाही. करंगळीएवढ्या त्या दोरातले तुटलेले तंतू पुन्हा वाढत नाहीत, जखमेचा वणही वाट अडवतो.

आता हात मांडीवर ठेवा. मांडीला हात कळणार नाही. हाताला मांडी कळते. तिची ऊब कळते. इथं जरा वेळ राहा.

मूळपेशींची (स्टेम सेलची) आशा मनात येईल. येऊ द्या, पण तिला नीट बघा. जपानच्या केओ विद्यापीठानं २०२१ पासून चार रुग्णांच्या मज्जारज्जूत प्रत्येकी सुमारे वीस लाख पेशी सोडल्या. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी सांगितलं: दोघांत सुधारणा, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला. चौघांच्याही जखमा काही आठवड्यांच्याच होत्या. एवढ्या ताज्या जखमेत काहींना आपसूकही थोडी हालचाल परत येते. म्हणून मला ही बातमी मोठी वाटते, आणि कोवळीही.

खात्रीचा उपचार येईल तोवरचे दिवस वाट बघण्यात घालवायचे नसतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पाय परतले नव्हते.

डोळे उघडा. कूस बदला, रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कुणाकडून तरी बदलून घ्या. टाचा आणि माकडहाड आरशात बघा, लाल डाग दिसला तर त्यावर भार नको. सांधे रोज हलवा.

आणि घरच्यांनो, पाठीच्या दुखापतीवर मूळपेशींचं इंजेक्शन हा आपल्याकडे मान्य उपचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो फक्त मंजूर चाचणीतच देता येतो. कुणी पैसे मागितले, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. त्यासाठी जमीन विकू नका.