चरबी जन्माआधीची

'वरून बारीक, आतून जाड' असे शब्द हल्ली व्यायामशाळांच्या आणि तपासणी केंद्रांच्या जाहिरातींत सर्रास दिसतात. भारतीयांच्या जनुकांतच मधुमेह आहे, तेव्हा अंगातली चरबी मोजून घ्या आणि पुढचं पॅकेज घ्या, असा त्यांचा रोख असतो. मला याचा संताप येतो. ही कल्पना पुण्यात घडली आणि सगळा दोष जनुकांवर टाकून मोकळं होण्याची सोय तिने काढून घेतली होती. तीच आता जनुकांच्या नावाने विकली जाते आहे.

काटकसरी जनुकांची गोष्ट जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी 1962मध्ये मांडली. दुष्काळात तगवणारी जनुकं सुबत्तेच्या काळात अंगावर उलटतात, असं तिचं सूत्र. पुढे इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या जुन्या जन्मनोंदी संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. कमी वजनाने जन्मलेल्यांना उतारवयात मधुमेहाचा धोका जास्त, असं त्यांतून दिसलं. 1992मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी काटकसर जनुकांतून काढून गर्भात आणली. इथवरचं सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतर बहुतेक जण थेट 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2004च्या फोटोवर येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. फोटो लक्षात राहण्याजोगा आहे, पण घोळ त्यानेच झाला. दोन प्रौढ माणसं दिसतात, म्हणून प्रश्नही प्रौढांचा वाटतो: खाणं, बसून राहणं, आळस.

खरी गोष्ट त्याआधीची आहे आणि ती तान्ह्या बाळांची आहे. 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. त्या आयांचं वजन गरोदरपणाआधी सरासरी 42 किलोच्या आसपास होतं. बाळं 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. एवढ्यावर 'कुपोषित बाळं' म्हणून कागद मिटता आला असता. पण मोजणाऱ्यांनी बाळांचा दंड, पोट आणि खांद्याच्या पात्याखालची कातडीची घडीही मोजली होती. दंड आणि पोट बरेच लहान होते. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त आढळलं. ज्याने अजून भाताचं शीतही चाखलेलं नाही, त्याच्या अंगातली ही ठेवण त्याच्या आळसाने कशी आली असेल?

बार्कर यांचं म्हणणं आपण 'लहान बाळ म्हणजे धोका' एवढंच ऐकलं, आणि बाळसं धरवण्याच्या मागे लागलो. पुण्याच्याच 1999च्या अभ्यासात आठ वर्षांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला सर्वांत जास्त विरोध दिसला तो जन्मताना हलक्या, पण आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांत. घरचे ज्यांच्याकडे कौतुकाने बघत, तीच ही मुलं.

मग दोष आईचा? हा अर्थही काढला जातो आणि तो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. त्या गावांत बाळाच्या वाढीचा संबंध आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध तिच्या वाट्याला किती आलं याच्याशी दिसला. गरोदरपणी शेतात आणि घरात जास्त राबणाऱ्यांची बाळं लहान होती. बी12 जीवनसत्त्वाची कमतरता तर सर्रास होती. गरोदरपणी ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी12 कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला विरोध सर्वाधिक होता. घरात दूध कुणाला मिळतं, शेवटी कोण जेवतं, पाणी कोण वाहतं, हे एकटी आई ठरवत नाही.

जनुकांचा वाटा शून्य आहे, असं मी म्हणत नाही. हॅटर्सली आणि टूक या संशोधकांनी 1999मध्ये असं मांडलं, की इन्शुलिनचं काम मंदावणारी जनुकंच बाळ लहान ठेवू शकतात आणि पुढे मधुमेहही आणू शकतात. हा आक्षेप वजनदार आहे. पण जनुकं आपल्याला बदलता येत नाहीत, ताट बदलता येतं.

म्हणून पुण्याजवळच्या गावांतल्या त्या अभ्यासाचं पुढचं पाऊल मला फोटोपेक्षा मोलाचं वाटतं. त्या सहा गावांत जन्मलेली मुलं वयात आल्यावर, त्यांच्या पोटी मूल येण्याच्या कितीतरी आधी, त्यांना बी12 आणि इतर सूक्ष्म पोषकं द्यायला सुरुवात झाली. मुलींना दिली तशी मुलग्यांनाही. गर्भाचे अवयव घडू लागतात तेव्हा दिवस गेल्याचं आईला अनेकदा कळलेलंही नसतं. म्हणून मधुमेहाविरुद्धचा सरकारी खर्च तिशीनंतरच्या साखर तपासणीपासून सुरू न होता शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलीपासून सुरू व्हायला हवा, आणि तिच्या डब्यातल्या दुधाची आणि भाजीची जबाबदारी तिच्या आईवर टाकून भागणार नाही.