हरण्याची व्यवस्था

जिंकण्याची इच्छा धरून हरणे ही मनुष्याची नित्याचीच अवस्था असल्यामुळे तिच्याविषयी सांत्वनपर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हरण्याची इच्छा धरून हरणे, आणि तेही उघड्या मैदानात, पैसे मोजून बसलेल्या प्रेक्षकांसमक्ष, या कृत्याचा नीतिदृष्ट्या नीट विचार झालेला माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे कुस्तीच्या फडात संगनमताच्या लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारून नाक मुरडले की विषय संपला असे आपण समजतो. तो इतक्यात संपत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

पहिले उदाहरण आपल्या गावाशी नाते सांगणारे आहे. 1870 च्या सुमारास पुण्याच्या लष्करात इंग्रज अधिकारी बॅडमिंटन खेळत, व काही काळ तो खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. त्याच खेळात 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, 31 जुलै रोजी, एक विलक्षण देखावा दिसला. चीनच्या वांग शियाओली व यू यांग या जोडीचा पुढील फेरीतील प्रवेश आधीच निश्चित झाला होता. मात्र गटात पहिला क्रमांक आला तर आपल्याच देशाच्या दुसऱ्या जोडीशी अंतिम सामन्यापूर्वीच गाठ पडणार होती. सबब त्यांस हरावयाचे होते. समोरच्या कोरियन जोडीसही जिंकण्याची हौस नव्हती. फूल कधी जाळ्यात, कधी रेषेबाहेर. दीर्घात दीर्घ झुंज चार फटक्यांची. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. त्याच सायंकाळी कोरियाची दुसरी जोडी व इंडोनेशियाची जोडी यांनीही तोच प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी चारही जोड्या स्पर्धेतून बाद झाल्या. आरोप एवढाच, की जिंकण्यासाठी त्यांनी आपली सारी शक्ती लावली नाही. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचे गट पाडण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढील ऑलिंपिकसाठी गटातील दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरविण्याचा नियम झाला व मोहाचे मूळ बरेचसे तुटले.

एका सामन्यात दोन्ही बाजूंस हरावयाचे असले म्हणजे काय होते, हे त्या सायंकाळी जगाने पाहिले. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने कर्माची एक कसोटी सांगितली आहे : माझे तत्त्व सर्वांनीच स्वीकारले तर ते टिकेल काय? वेम्ब्लीच्या त्या मैदानावर सर्वांनीच ते स्वीकारले, आणि खेळच शिल्लक राहिला नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये हाच प्रकार अधिक थंड डोक्याने चालतो. तेथे नवे खेळाडू संघांत वाटून घेण्याच्या वार्षिक पद्धतीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. जो संघ तळाशी राहील त्यास निवडीचा मान अगोदर. हेतू उदार आहे. दुबळ्यास बळ मिळावे आणि सामने रंगावेत, हा. परंतु दयेचा भाव ठरला की तिचाही व्यापार सुरू होतो. संघ जाणूनबुजून तळ गाठतात असा संशय बळावला, तेव्हा 1985 पासून सोडत काढण्याची योजना आली. 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांस पहिल्या निवडीची संधी शेकडा 14 अशी सारखीच झाली, पूर्वी अगदी शेवटच्या संघास ती शेकडा 25 होती. (आपल्या आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होत असल्याने तळाशी जाऊन काहीच पदरात पडत नाही, पुण्याचा ‘वॉरियर्स’ संघ 2012 साली शेवटचा आला, तो अगदी निर्मळपणे हरून आला.)

आता या हरण्याने लाभ होतो काय? सॅन अँटोनिओचा संघ 1996–97 च्या हंगामात 82 पैकी अवघे 20 सामने जिंकला, सोडतीत पहिला आला, टिम डंकन त्यास मिळाला आणि पुढे पाच अजिंक्यपदे मिळाली. परंतु त्याच हंगामात बॉस्टनचा संघ त्याहूनही कमी, 15 सामने जिंकला होता. सोडतीत संधी त्याचीच मोठी होती आणि चिठ्ठी मात्र दुसऱ्याची निघाली. फिलाडेल्फियाच्या संघाने 2013 पासून तीन हंगाम ही तपश्चर्या केली. 246 सामन्यांत 47 विजय. चांगले खेळाडू मिळालेही, परंतु त्यानंतर 2025 पर्यंत बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापुढे त्याची मजल गेली नाही. 2025 साली सर्वांत तळाच्या युटाच्या वाट्यास पाचवी निवड आली, व पहिली गेली डॅलसकडे, ज्याची संधी शेकडा दोनही नव्हती.

यावरून ‘हा धंदा आतबट्ट्याचा आहे, म्हणून करू नये’ असा निष्कर्ष काढून स्वस्थ बसता येईल. मला तो मान्य नाही. तोटा दिसतो म्हणून जो सोडतो, तो नफा दिसताच पुन्हा धरील. तेव्हा लाभ होतो असेच गृहीत धरून विचार केला पाहिजे.

या पक्षाचा वकील म्हणेल, बुद्धिबळात प्यादे देऊन डाव जिंकतातच की. शिवाजी महाराजांनी 1665 साली पुरंदरच्या तहात 23 किल्ले दिले, आणि 1670 पासून ते परत घेण्यास आरंभ केला. ती माघार काय निंद्य म्हणावयाची? मुळीच नाही. परंतु मुरारबाजी पडेपर्यंत पुरंदर खरोखर लढला होता. लढाईचे सोंग करून कोणी मावळा तेथे उभा केलेला नव्हता. आणि प्याद्याचे म्हणाल, तर ते लाकडाचे असते. आपण बळी जात आहोत की आपल्यावर विश्वास टाकला गेला आहे, हा प्रश्न त्यास पडत नाही.

येथेच वेम्ब्ली आणि अमेरिका यांतील खरा भेद आहे. वेम्ब्लीत आठही खेळाडू स्वतः जाणूनबुजून हरले व शिक्षेस पात्र ठरले. अमेरिकेत मैदानावरचे खेळाडू बहुधा जीव तोडून खेळतात; हरण्याची व्यवस्था वरची मंडळी करतात, चांगले गडी विकून किंवा किरकोळ दुखण्याच्या नावाखाली बसवून. मैदानावर कोणी लबाडी करीत नाही, म्हणून हा प्रकार पुष्कळांस स्वच्छ वाटतो. मला तोच अधिक वाईट वाटतो. येथे एकाच्या प्रामाणिकपणाचा उपयोग दुसऱ्याने अप्रामाणिकपणासाठी केलेला असतो, आणि ज्याचा उपयोग झाला त्यास ते ठाऊकही नसते.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या जिमखान्याची जबाबदारी माझ्याकडे होती. कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा संघ गटातून पुढे जाणार हे ठरून गेले होते. शेवटचा सामना गमावला तर गटात दुसरा क्रमांक येऊन उपांत्य फेरीत एक बलाढ्य प्रतिस्पर्धी टळत होता. ‘हरा’ असे मी कोणासही म्हटले नाही. तीन मुख्य गड्यांस विश्रांती दिली, एवढेच. त्यांच्या जागी घेतलेल्यांत एक मुलगा दोन वर्षे राखीव म्हणूनच बसलेला होता. त्याचे नाव पुकारले तेव्हा त्याने मला वाकून नमस्कार केला, मैदानाची माती कपाळाला लावली आणि आत गेला. पहिल्या दोन चढायांत तो पकडला गेला, तिसरीत एक गडी मारून परतला. दोन्ही गुडघे सोलवटले होते. आम्ही नऊ गुणांनी हरलो. सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, माफ करा, माझ्यामुळे गेला.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, “छान खेळलास.”

ती स्पर्धा आम्ही जिंकलो. करंडक कार्यालयाच्या काचेच्या कपाटात ठेवला गेला, छायाचित्रात मागच्या रांगेत तोही उभा आहे. त्या सामन्याचा हिशेब विश्रांती घेतलेल्या मुलांनी हसत हसत त्याच्यासमोरच सांगितला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पुढील वर्षी निवडीच्या दिवशी तो आला नाही. मार्गिकेत भेटला तेव्हा मी कारण विचारले. “अभ्यास आहे, सर,” तो म्हणाला, आणि मला वाट देण्यासाठी बाजूला सरकला.