वकील बदलणारे अशील

गेल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात आमच्या एका विचारवंत स्नेह्यांनी आदिवासी भागातल्या ख्रिस्ती मिशनांचा निकाल दोन पानांत लावून टाकला. शाळा, दवाखाना, पतपेढी हे सगळं आमिष. धर्मांतर हाच खरा उद्योग. सबब धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा. पुराव्यादाखल नियोगी समितीचा १९५६ सालचा अहवाल.

मलाही हा अहवाल महत्त्वाचा वाटतो. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडली, त्यात आपले अमरावती-यवतमाळही आले. परकीय पैसा, शाळा-दवाखान्यांचा धर्मप्रसारासाठी वापर, यांबद्दल तिने जे लिहिलं ते सगळंच काही कपोलकल्पित नव्हतं. पण स्नेह्यांनी एक गंमत गाळली. समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी, यांनी त्याच वर्षी नागपुरातच बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध धम्म स्वीकारला. आता न्यायमूर्तींनी धर्म बदलला की ते चिंतन, आणि जंगलातल्या मुंडा आदिवासीने बदलला की तो दोन शेर तांदळाला भुलला, असं मानायचं असेल तर तसं उघड म्हणा.

मुंडा म्हटलं की आजच्या झारखंडातल्या छोटानागपूरला जावंच लागतं, कारण मिशनच्या सेवेचा खरा कस तिथेच लागला. गॉस्नर मिशनचे जर्मन लुथरन पाद्री १८४५ मध्ये रांचीला पोचले. त्यांची प्रार्थना लोकांनी ऐकली असेल-नसेल, पण गोरा पाद्री पाठीशी असला की जमीनदाराचा माणूस जरा वचकून वागतो, हे लोकांनी लगेच हेरलं. त्यांचं दुखणं जमिनीचं होतं. पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसवलं, म्हणून जमीन साऱ्या कुळाची, ही त्यांची खुंटकट्टी. तिचा पुरावा म्हणजे गावातल्या सासनदिरी, पितरांच्या शिळा. कचेरीला कागद हवा होता, आणि कागद जमीनदाराकडे होता. सारा भरला तरी पावती मिळायची नाही. मग थकबाकी दाखवून जमीन ओढायची, वर बेठबेगार.

१८८५ मध्ये तोरपा इथे आलेल्या कॉन्स्टंट लिव्हन्स या बेल्जियन जेझुइटाने नेमकी ही नस पकडली. त्याने कूळकायदा अभ्यासला आणि लोकांना सांगितलं की कायदेशीर सारा तेवढा भरा, पावती मागा, त्यापलीकडची बेगार करू नका. खटले उभे केले. बघता बघता गावंच्या गावं कॅथलिक झाली.

इथे मिशनचे भाट म्हणतात, निष्काम सेवा. छे! लिव्हन्सला माणसं चर्चमध्ये हवी होती आणि खटला हा त्याचा दरवाजा होता. गांधीजींचा आक्षेप हाच होता, की सेवा करा, पण बदल्यात आत्मा मागू नका. आमच्या स्नेह्यांनी एवढंच म्हटलं असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. संकटातल्या माणसाशी असा सौदा करणं गैरच. पण सौदा म्हटला की बाजू दोन येतात, आणि दुसऱ्या बाजूचा हिशेब दोन्ही पक्ष मांडत नाहीत.

तो हिशेब सरदारांनी मांडला होता. हे सरदार म्हणजे जमिनीच्या लढ्यात अर्जामागून अर्ज करणारे मुंडा पुढारी, बरेचसे ख्रिस्ती. लुथरन पाद्री आपली सगळी मागणी उचलत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी त्यांना सोडलं, कॅथलिकांकडे गेले, तेही सरकारची मर्यादा ओलांडत नाहीत म्हटल्यावर त्यांच्याकडेही पाठ फिरवली. अशील नालायक ठरलेला वकील बदलतो, तसं. स्वतः बिरसा मुंडा चाईबाश्याच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकला, बाप्तिस्मा घेतलेला होता, आणि तिथून बाहेर पडून त्याने स्वतःचा पंथ काढला. आमिषाला लागलेली माणसं अशी शाळा शिकून मास्तरांवरच उलटत नाहीत.

उलटली ती शब्दशः. २४ डिसेंबर १८९९, नाताळची पूर्वसंध्या. उलगुलानची, म्हणजे बिरसाच्या बंडाची, ठिणगी पडली आणि सरवाड्याच्या मिशनवर बाण सुटले. तिथे फादर हॉफमन आणि फादर कार्बेरी होते. दोघेही वाचले. बिरसा पुढच्या जूनमध्ये रांचीच्या तुरुंगात मरण पावला.

योहान बाप्टिस्ट हॉफमन या जर्मन जेझुइटाला मी जास्त जागा देणार आहे, कारण आमिषाचं गणित त्याच्यापाशी बिघडतं. बाण खाता खाता वाचलेल्या या माणसाने मुंडारीचं व्याकरण लिहिलं, मुंडारी ज्ञानकोशाचं अवाढव्य काम उभारलं, आणि खुंटकट्टी म्हणजे काय हे इंग्रज अधिकाऱ्यांना समजेल अशा भाषेत मांडून दिलं. १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्यात मुंडांची खुंटकट्टी आली, त्यात त्याच्या या खटपटीचा मोठा वाटा आहे. सरकारला जाग बिरसाच्या बाणांनी आली होती, हेही तितकंच खरं. त्या बाणांवाचून हॉफमनची टिपणं दफ्तरात धूळ खात पडली असती. मात्र जो कायदा झाला तो खातेदाराला धर्म विचारत नाही. बिरसाच्या पंथातले बिरसाईत, मूळचा आदिवासी धर्म पाळणारे सरना, ख्रिस्ती, सगळ्यांच्या शेताला तो लागू आहे. नंतर १९०९ मध्ये हॉफमनने सावकाराला पर्याय म्हणून पतसंस्था काढली, तिच्या नावात मात्र ‘कॅथलिक’ आहेच. एकाच माणसाच्या हातची ही दोन कामं. एकाला चर्चचं कुंपण, दुसऱ्याला नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून देशाबाहेर काढलं, कायदा राहिला. म्हणून पाद्र्याच्या मनात काय होतं याची चौकशी मला आता निरुपयोगी वाटते. तो गेल्यावर लोकांच्या हाती काय उरलं, ते बघावं.

हीच फूटपट्टी स्नेह्यांच्या आवडत्या संस्थेलाही लावू. पेशाने वकील असलेल्या बाळासाहेब देशपांडे या मराठी माणसाने १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रम काढला. साधनं कोणती? शाळा, वसतिगृह, दवाखाना. मिशनचीच. सेवेआडून आपली श्रद्धा पोचवण्याचा हेतू एकीकडे कारस्थान आणि दुसरीकडे राष्ट्रकार्य, हे तर्कशास्त्र मला जमत नाही. जशपूरच्या ज्या पोराला दोन्हीकडची वसतिगृहं खुली झाली, त्याचं तेवढं भलं झालं असेल.

आता मूळ मागणी, धर्मांतरितांना यादीतून वगळण्याची. २०१६ मध्ये झारखंड सरकारने हाच १९०८ चा कायदा सैल करायला दुरुस्ती आणली. सरना आणि ख्रिस्ती दोघेही रस्त्यावर आले, राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठवलं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये विधानसभेत धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर झालं. योगायोग म्हणा हवं तर.

कूळकायद्याच्या कलम ४६ खाली आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर सहजी चढत नाही. हे संरक्षण अनुसूचित जमातीच्या रयतेला आहे. धर्मांतरिताचं नाव यादीतून काढलं तर त्याच्या शेतावरचं हे कुलूप राहील की निघेल? निघणार असेल, तर खुंटी आणि सिमडेगातल्या त्या शेतांची खरेदीखतं कोणाच्या नावावर होतील, हे स्नेह्यांनी पुढच्या लेखात सांगावं.